अस्सल, नक्कल आणि चष्मा
शरीररचना शिकवण्याच्या साधनांची एक चिकित्सा

जुन्या कागदपत्रांत वावरणाऱ्याला 'अस्सल' आणि 'नक्कल' हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच गावात उभे राहिले. त्यामुळे आम्हां खानदेशातल्या हौशी अभ्यासकांना तर हे दोन शब्द घरचेच वाटतात. नक्कल टाकाऊ असते असे कोणी जाणकार म्हणत नाही. अस्सल कागद वाळवीने खाल्ला आणि केवळ नकलेमुळे मजकूर वाचला, अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. मात्र नक्कल हाती आली की दोन प्रश्न विचारायचे असतात : ही कोणत्या अस्सलावरून उतरवली, आणि उतरवताना काय गळले?

हेच दोन प्रश्न प्रस्तुत लेखात मी एका वेगळ्या क्षेत्राला विचारणार आहे. ते क्षेत्र म्हणजे शरीररचनाशास्त्राचे शिक्षण. मी डॉक्टर नाही. वैद्यकाच्या इतिहासाचा, मिळेल ते वाचत गेलेला एक वाचक आहे. पण हा विषय केवळ डॉक्टरांचा राहिलेला नाही, हे कोणीही आजूबाजूला पाहिले तरी ध्यानात येईल. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि एसीपीएम महाविद्यालय आहे. जळगावात डॉ. उल्हास पाटील वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१८पासून शासकीय महाविद्यालयही आहे. १९९८पर्यंत धुळ्याचाच भाग असलेल्या नंदुरबारला २०२०मध्ये शासकीय महाविद्यालय मिळाले. यांच्या भोवती आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या, फिजिओथेरपी, औषधनिर्माण अशी शिकवणाऱ्या संस्थांची दाटी झाली आहे, आणि ती आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली आहे. या सगळ्या मुलामुलींना पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकावी लागते : माणसाच्या कातडीखाली काय, कुठे आणि कशाच्या शेजारी आहे.

ते शिकवण्याची साधने आजवर दोन होती, मृत देह आणि प्रतिकृती. आता तिसरे आले आहे. डोळ्यांवर चढवायचा आभासी वास्तवाचा चष्मा, ज्याला सगळे 'व्हीआर' म्हणतात. तो चढवला की समोर हवेत हृदय धडधडते, त्याच्या कप्प्यांत शिरता येते, स्नायूंचा एकेक थर हाताच्या इशाऱ्याने बाजूला करता येतो. विक्रेते सांगतात की आता देह नको, फॉर्मलीनचा वास नको आणि धूळ खाणारी प्लॅस्टिकची मॉडेलेही नकोत. संस्थांच्या माहितीपुस्तिकांत चष्मा घातलेल्या विद्यार्थ्यांचे छायाचित्र मानाने छापले जाते. या दाव्यात तथ्य किती, आणि खानदेशासारख्या भागाने त्याच्यामागे किती धावावे, हा या लेखाचा विषय आहे.

कोहळ्यापासून सुरुवात

प्रतिकृतीवर शिकणे ही पाश्चात्त्यांकडून आलेली गोष्ट आहे, असा आपला एक समज असतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय या समजाला धक्का देतो. तो अध्याय शस्त्रकर्माच्या सरावाविषयीच आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी यांच्यावर करावा. भेदनाचा सराव पाणी आणि चिखल भरलेल्या कातडी पिशवीवर, शीर टोचण्याचा कमळाच्या देठावर किंवा मेलेल्या जनावराच्या शिरेवर, टाके घालण्याचा जाड-बारीक कापडाच्या काठांवर आणि मऊ कातड्यावर करावा. पट्टी बांधण्याचा सराव तर माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर करावा. आज जगभर सर्जरीचे विद्यार्थी केळीच्या सालीवर टाके घालायला शिकतात. रावेर-यावलच्या माणसाला याचे नवल वाटू नये. केळ्याच्या जागी कोहळा ठेवला की आपण सुश्रुतापाशी पोचतो.

पण तीच संहिता शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात दुसरी गोष्टही सांगते. नुसत्या कोहळ्यावर भागत नाही. सर्वांगाने पूर्ण असलेला, विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेला, फार म्हातारा नसलेला देह घ्यावा, आतड्यांतला मळ काढावा, मुंज, कुश अशा गवतांनी गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडोशाला ठेवावा. सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत जावे आणि कातडीपासून आतपर्यंत एकेक अंग डोळ्यांनी पाहावे. प्रत्यक्ष पाहिलेले आणि शास्त्रात वाचलेले एकत्र आले तरच ज्ञान वाढते, असा त्या ठिकाणचा अभिप्राय आहे.

या दोन अध्यायांतली विभागणी नीट पाहण्यासारखी आहे. हाताच्या कौशल्यासाठी नक्कल आणि रचनेच्या ज्ञानासाठी अस्सल. शिवाय प्रत्येक कौशल्याला वेगळी नक्कल. कोहळ्यावर सगळेच शिका, असे सुश्रुत म्हणत नाही. कापायला कोहळा चालतो, टोचायला कमळाचा देठ लागतो. कोणती नक्कल कशापुरती खरी आहे, याचे भान त्या यादीत आहे. पुढच्या सगळ्या चर्चेत मला हीच कसोटी उपयोगी वाटते.

बेवारसांचे ऋण

मधल्या अनेक शतकांत आपल्याकडे देह उघडून पाहण्याची परंपरा खंडित झाली. १८३६मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी विच्छेदन केले, आणि ती घटना आधुनिक भारतीय वैद्यकाचा आरंभ म्हणून सांगितली जाते. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५मध्ये सुरू झाले. देह कुठून आणायचे हा प्रश्न सगळीकडे होताच. ब्रिटनमध्ये एडिंबरा शहरात बर्क आणि हेअर या दोघांनी शरीरशास्त्राच्या शिक्षकाला देह विकण्यासाठी खून पाडले. हे प्रकरण १८२८मध्ये उघडकीला आले आणि १८३२मध्ये तिथे कायदा झाला. आपल्याकडे मुंबई प्रांताचा अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट १९४९चा. या कायद्यांचे सूत्र एकच आहे : ज्याच्या देहावर कोणी हक्क सांगायला आले नाही, तो देह शिक्षणासाठी द्यावा.

म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे डॉक्टर ज्यांच्या देहावर शिकले, ते मुख्यतः बेवारस होते. फुटपाथवर, धर्मशाळेत, सरकारी दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या खाटेवर मेलेले, मागे विचारणारे कोणी नसलेले लोक. ज्यांना जिवंतपणी वैद्यक सर्वांत कमी मिळाले, त्यांनीच मेल्यावर वैद्यक सर्वांत जास्त शिकवले. प्रतिकृतींच्या बाबतीतही आपला हिशेब असाच आहे. १९८५मध्ये सरकारने मानवी हाडांच्या निर्यातीवर बंदी घातली. तोपर्यंत जगभरच्या वैद्यकीय शाळांना खरे सांगाडे पुरवणारा मोठा देश भारतच होता. परदेशातल्या कित्येक जुन्या वर्गांच्या काचेच्या कपाटांत आजही जो सांगाडा लटकतो आहे, तो कोणा अनामिक भारतीयाचा असण्याची शक्यता दाट आहे.

देहाच्या बाजूने बोलताना ही अडचण विसरून चालत नाही. आता इच्छेने देहदान करणारे वाढले आहेत आणि त्यामुळे हे ऋण थोडे तरी सन्मानाचे झाले आहे. २०१९पासून लागू झालेल्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमात 'मृतदेह हा आपला पहिला गुरू' या आशयाचा स्वतंत्र पाठच आहे. विच्छेदन सुरू होण्यापूर्वी मुलांना त्या देहाविषयी आदराची शपथ देण्याची पद्धतही अनेक महाविद्यालयांत रुजली आहे. चष्म्यातल्या देहापुढे अशी शपथ कोणी घेत नाही. तो देह बटण दाबले की पुन्हा अखंड होतो. कापलेले परत जुळत नाही, ही जाणीव त्यात येत नाही. नक्कल उतरवताना जे गळले, त्यातले हे पहिले.

तरीही देह सगळ्यांना पुरणार नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांना ते मिळवतानाच यातायात होते. २०२०मध्ये करोनाच्या काळात तर केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी करोनाने मृत्यू झालेल्यांच्या देहावर जतनप्रक्रियाही करू नये, असे सांगितले होते, आणि पहिल्या वर्षाची मुले मोबाइलच्या पडद्यावर शरीररचना शिकत होती. परिचर्येच्या किंवा फिजिओथेरपीच्या विद्यार्थिनीला डिसेक्शन हॉल फार तर एखाद-दुसऱ्या भेटीपुरता दिसतो. तिचे शिक्षण नकलेवरच होणार, हे गृहीत धरावे लागते. म्हणून खरा सामना देह आणि चष्मा यांच्यात नसून प्लॅस्टिकचे मॉडेल आणि चष्मा यांच्यात आहे.

मॉडेल आणि चष्मा : मोजमाप काय सांगते

मॉडेलांचा इतिहासही मोठा देखणा आहे. अठराव्या शतकात बोलोन्यामध्ये अ‍ॅना मोरांदी मेणाचे अवयव घडवत होती. फ्लॉरेन्सच्या ला स्पेकोला संग्रहालयातली मेणाची शरीरे पाहून व्हिएन्नाच्या बादशहाने आपल्या लष्करी शल्यविशारदांसाठी तशीच हजाराहून अधिक मागवली. पण मेण वितळते, हाताळले की झिजते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या लुई ओझू या डॉक्टरने कागदाच्या लगद्याची, भाग सुटे करता येणारी आणि पुन्हा जोडता येणारी मॉडेले बनवली. आज आपल्या नर्सिंग कॉलेजात ज्या धडाचे पोट उघडून यकृत, जठर, आतडी बाहेर काढता येतात, ते ओझूचेच वारसदार आहे.

आता मोजमापाकडे येऊ. या विषयावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत बरेच प्रयोग झाले आहेत. त्यांतला मला सर्वांत बोलका वाटलेला प्रयोग कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ब्रूस वेनमन आणि सहकाऱ्यांनी केला, तो २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. विषय होता ओटीपोटाची रचना. वीस-वीस विद्यार्थ्यांचे सात गट केले. एक गट प्रतिकृती पाहून शिकला. एक व्हीआर चष्म्यातून. एक 'मिश्र वास्तवा'च्या चष्म्यातून, ज्यात खरी खोली दिसत राहते आणि तिच्यात अवयवाची प्रतिमा तरंगते. या तीनही प्रकारांचे आणखी एकेक गट केले, त्यांत विद्यार्थ्याचा एक डोळा झाकलेला होता. सातवा गट संगणकाच्या पडद्यावर निवडक कोनांतली चित्रे पाहून शिकला. मग सगळ्यांची परीक्षा घेतली ती खऱ्या मृतदेहाच्या ओटीपोटावर, पंधरा प्रश्नांची.

निकाल असा : पडद्यावरच्या चित्रांच्या तुलनेत प्रतिकृतीवर शिकलेल्यांची अचूकता ७० टक्क्यांनी जास्त, व्हीआरवाल्यांची २५ टक्क्यांनी जास्त आणि मिश्र वास्तववाल्यांची अवघी अडीच टक्क्यांनी, म्हणजे न मोजण्याइतकी. एक डोळा झाकल्यावर प्रतिकृतीवाल्यांची कामगिरी १५ टक्क्यांनी घसरली, व्हीआरवाल्यांची ६० टक्क्यांनी.

या आकड्यांचे वाचन सावधपणे केले पाहिजे. मॉडेलचे कैवारी अशा वेळी लगेच स्पर्शाचा महिमा गाऊ लागतात. प्रयोगकर्त्यांनी मात्र भर दिला तो दोन डोळ्यांनी दिसणाऱ्या खऱ्या खोलीवर. मग प्रश्न उरतो की चष्माही दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखवतो, तरी तो मागे का पडावा? याचे एक कारण चष्म्याच्या घडणीत सापडते. जवळची वस्तू पाहताना आपले डोळे दोन कामे एकदम करतात. दोन्ही बुबुळे त्या वस्तूकडे वळतात आणि डोळ्यातले भिंग त्या अंतराला जुळते. चष्म्यात बुबुळे आभासी वस्तूच्या अंतराप्रमाणे वळतात, पण भिंगाला मात्र ठरावीक अंतरावरच्या पडद्याशीच जुळून राहावे लागते. एकाच प्रश्नाला दोन साक्षीदार दोन उत्तरे देतात आणि मेंदू थकतो. खऱ्या वस्तूच्या खोलीला बरेच साक्षीदार असतात. एक डोळा झाकला तरी बाकीचे साक्ष देतात. चष्म्यातली खोली बव्हंशी एकाच साक्षीदारावर उभी असते, तो गेला की खटला कोसळतो. १५ आणि ६० या आकड्यांतला फरक मी असा वाचतो. लहानपणचा तिरळेपणा राहून गेलेल्या, म्हणजे दोन डोळ्यांची दृष्टी नीट न जुळलेल्या विद्यार्थ्याला चष्मा किती शिकवेल, हाही प्रश्न यातूनच निघतो. वर्गात अशी एक-दोन मुले असतातच.

डोळ्यांचा आणि डोक्याचा हा थकवा दुसऱ्या एका प्रयोगात मोजलाही गेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या बाँड विद्यापीठात ख्रिश्चन मोरो आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये ५९ जणांना कवटीची रचना तीन प्रकारे शिकवली : व्हीआर, मोबाइलसारख्या पडद्यावरचे 'वर्धित वास्तव' आणि साधा टॅब्लेट. परीक्षेत तिघांच्या गुणांत लक्षणीय फरक पडला नाही. मात्र व्हीआर गटातल्या ४० टक्के जणांना गरगरले, ३५ टक्क्यांना धूसर दिसले, २५ टक्क्यांचे डोके दुखले.

उलट बाजूचा पुरावाही मांडला पाहिजे. २०२०मध्येच पंधरा नियंत्रित चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला आणि त्यात व्हीआरने शिकणाऱ्यांचे गुण मध्यम प्रमाणात वाढल्याचे दिसले. विक्रेते हाच आढावा दाखवतात. पण तुलना कशाशी केली ते पाहावे. या चाचण्यांत समोर होत्या पारंपरिक किंवा पडद्यावरच्या द्विमित पद्धती. पुस्तकातल्या सपाट चित्रापेक्षा चष्मा सरस आहे, हे मॅकमास्टरच्या प्रयोगानेही दाखवलेच आहे. चांगल्या प्रतिकृतीपेक्षा तो सरस आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. या दोन विधानांतले अंतर पुसून टाकले की जाहिरात तयार होते.

चष्म्यातला माणूस कोण?

आता पहिला प्रश्न, अस्सल कोणते? चष्म्यातला देह हवेतून येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने 'व्हिजिबल ह्यूमन' प्रकल्पात एका पुरुषाच्या गोठवलेल्या देहाचे एक-एक मिलिमीटरचे १,८७१ काप घेतले, प्रत्येकाचे छायाचित्र काढले आणि १९९४मध्ये ते जगाला खुले केले. संगणकावरच्या शरीररचनेची अनेक साधने या कापांवर उभी राहिली. तो पुरुष म्हणजे टेक्सास राज्यात १९९३मध्ये मृत्युदंड दिलेला कैदी जोसेफ पॉल जर्निगन. त्याचे अपेंडिक्स आधीच काढून टाकलेले होते. पुढच्या वर्षी मेरिलंडमधल्या एका ५९ वर्षांच्या स्त्रीच्या देहाचे अधिक पातळ काप खुले झाले.

म्हणजे देहाची गरज संपवणारे तंत्रज्ञान देहावरच उभे आहे, आणि तेही समाजाच्या कडेला गेलेल्या माणसाच्या. बेवारसांचे जे ऋण डिसेक्शन हॉलमध्ये निदान डोळ्यांसमोर असते, ते चष्म्यात अदृश्य होते. अस्सलाचा उल्लेख न करणारी नक्कल इतिहासात संशयास्पद मानतात. इथेही मानली पाहिजे.

याहून व्यावहारिक मुद्दा वेगळेपणाचा आहे. डिसेक्शन हॉलमध्ये चार टेबलांवर चार देह असतात आणि चारही वेगळे निघतात. एकाची धमनी पुस्तकात दाखवली आहे तिथून फुटत नाही, दुसऱ्याचे यकृत मोठे असते. चष्म्यातला आणि प्लॅस्टिकचा देह मात्र दर वेळी तोच, निरोगी, प्रौढ, पाश्चात्त्य बांध्याचा. खानदेशाच्या संदर्भात याचे एक उदाहरण पुरे आहे. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. त्यात लहानपणी प्लीहा, म्हणजे पाणथरी, फुगते. पुढे रक्तपुरवठा वारंवार तुटून ती आक्रसून जाऊ शकते, पण आपल्याकडच्या आदिवासी रुग्णांत ती मोठ्या वयापर्यंत वाढलेली राहते असेही पुष्कळदा दिसते. मॉडेलातली पाणथरी बरगड्यांखाली मुठीएवढी, शिस्तीत बसलेली असते. चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातल्या उपकेंद्रात काम करणार असलेल्या विद्यार्थिनीला ती बरगडीखालून खाली उतरलेलीही ओळखता आली पाहिजे. हा दोष मॉडेल आणि चष्मा दोघांचाही आहे. पण चष्मा स्वतःला 'वास्तव' म्हणवतो, म्हणून त्याच्या बाबतीत तो अधिक फसवा ठरतो. प्लॅस्टिकचे धड पाहून कोणी त्याला खरा माणूस समजत नाही.

कपाटाचे आयुष्य आणि चष्म्याचे आयुष्य

साधनाचे मूल्य ठरवताना त्याच्या आयुष्याचा विचार आपल्याकडे फार कमी होतो. वैद्यकीय वसतिगृहांत हाडांचा संच वरच्या वर्गातल्या मुलांकडून खालच्या वर्गाकडे विकला जाण्याची जुनी पद्धत आहे. एकच मांडीचे हाड कितीतरी तुकड्यांनी उशाशी घेऊन पाठ केलेले असते. आता त्या जागी प्लॅस्टिकचे संच आले, पण तेही वर्षानुवर्षे टिकतात आणि त्यांना ना वीज लागते ना इंटरनेट.

चष्म्याचे काय होते? गुगलने २०१४मध्ये पुठ्ठ्याचा स्वस्त 'कार्डबोर्ड' काढला, तो शाळांत गाजला, आणि २०२१मध्ये त्याची विक्री बंद केली. मायक्रोसॉफ्टचा 'होलोलेन्स २' २०१९मध्ये ३,५०० डॉलर किमतीला जाहीर झाला. शरीररचना शिकवण्यासाठी अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने त्याच चष्म्यांच्या मालिकेवर स्वतःचा कार्यक्रम उभारला होता. २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने होलोलेन्सचे उत्पादनच थांबवले. श्रीमंत विद्यापीठे नव्या यंत्राकडे वळतात. एकदाच अनुदान मिळालेली जिल्ह्याच्या गावातली संस्था मात्र वळू शकत नाही. तिच्याकडे उरतो तो अद्ययावत न होणारा चष्मा आणि त्याच्या कुलूपबंद खोलीची किल्ली कोणाकडे आहे हा वाद.

शिवाय आपला उन्हाळा. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात कुठे जातो ते सांगायला नको. चेहऱ्याला घट्ट बसणारे, घाम शोषणारे फोमचे कडे साठ मुलांनी आळीपाळीने चढवायचे. २०२३च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ होती, तेव्हा असा चष्मा वर्गात फिरवणे कोणत्या आरोग्यशिक्षणात बसले असते?

चष्म्याची खरी जागा

इतके म्हटल्यावर चष्मा कपाटात ठेवून द्यावा, असा निष्कर्ष कोणी काढील. माझा तो नाही. सुश्रुताच्या यादीचे तत्त्व लावले तर चष्म्यालाही त्याची जागा सापडते. ज्या गोष्टी ना देहात दिसतात ना प्लॅस्टिकमध्ये, त्या त्याने दाखवाव्यात. गर्भाचे हृदय एका नळीतून वळत-पिळत चार कप्प्यांचे कसे होते, ही काळात घडणारी गोष्ट आहे. मृतदेहात हृदय थांबलेले असते. चष्म्यात झडपा कोणत्या क्रमाने उघडतात-मिटतात ते आत उभे राहून पाहता येते. मेंदूतल्या तंतूंचे मार्ग चाकूने मोकळे करणे महाकठीण असते, त्यांची त्रिमित आकृती फिरवून पाहणे सोपे असते. तालुक्याच्या ज्या संस्थेत ना देह आहे ना पुरेशी मॉडेले, तिथे सपाट चित्रापेक्षा चष्मा केव्हाही बरा.

आक्षेप आहे तो क्रमाला. हाडांचे पुरेसे संच, सुटे होणारी चांगली मॉडेले आणि ती वसतिगृहात रात्री नेऊ देण्याची मुभा, हे आधी. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या डिसेक्शन हॉलमध्ये नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या मुलांना ठरावीक दिवशी, शिक्षकासह प्रवेश, हे त्याबरोबर. आणि ज्याला एक पैसाही लागत नाही, ती गोष्ट सर्वांत आधी : एकमेकांच्या जिवंत शरीरावर पेन्सिलने खुणा करून आतले अवयव, नसा, धमन्या कुठे येतात ते शोधणे. अभ्यासक्रमात हे आहे, पण त्याचे छायाचित्र माहितीपुस्तिकेत छापण्यासारखे नसते, म्हणून ते उरकले जाते. यानंतर चष्मे घ्यायचे तर घ्यावेत, मोजके घ्यावेत, दोन-तीन संस्थांनी मिळून घ्यावेत. खरेदीपूर्वी विक्रेत्याला चार प्रश्न लेखी विचारावेत : यातला देह कोणाचा, इंटरनेट नसताना हे चालते का, किती वर्षे अद्ययावत ठेवाल, आणि अवयवांची नावे मराठीत देता येतील का. शेवटचा प्रश्न किरकोळ नाही. मराठी माध्यमातून आलेली आणि घरी अहिराणी बोलणारी मुलगी लॅटिन नाव पाठ करते, परीक्षेत लिहिते, पण रुग्णाला 'कुठे दुखते' हे विचारताना तिला ते नाव कामाला येत नाही.

आणि मोजावे. एका तुकडीची निम्मी मुले मॉडेलवर आणि निम्मी चष्म्यावर शिकवून दोन महिन्यांनी सगळ्यांची परीक्षा घेणे, हे आपल्या कोणत्याही महाविद्यालयाला जमण्यासारखे आहे. त्यासाठी परदेशी निधी लागत नाही. लागते ती परीक्षा कशावर घ्यायची याची स्पष्टता.

ती परीक्षा कोणती असावी, हे सुचवून थांबतो. कुल्ल्यात इंजेक्शन देताना वरचा-बाहेरचा चतुर्थांश निवडायचा असतो, कारण आतल्या-खालच्या बाजूने सायटिक नस जाते. सुई तिथे गेली तर पाय लुळा पडू शकतो, पाऊल उचलता येत नाही. प्रौढ, भरल्या अंगाच्या मॉडेलवर ती जागा सहज सापडते. चष्म्यात तर नस पिवळ्या रंगात लखलखत असते. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यावर समोर येणारे मूल कुपोषित असते, त्याच्या कुल्ल्यावर मांस नावालाच असते, नस सुईच्या अधिक जवळ असते आणि ते मूल आईच्या मांडीवर हातपाय झाडत असते. बाळांची लस म्हणूनच मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात. ही गोष्ट नर्सने केवळ नियम म्हणून पाठ केली आहे, की त्या जागेखाली काय आहे आणि काय नाही हे तिला दिसते आहे, एवढे तपासावे. ज्या नकलेवर शिकलेल्या मुलीचे बोट त्या मुलाच्या अंगावर न अडखळता योग्य जागी जाईल, ती नक्कल त्या कामापुरती अस्सलाला धरून आहे, मग ती प्लॅस्टिकची असो की काचेतली.